पाळी कोणाची? भोकरदनचे राजकारण आणि पूर्णवेळ पुढारी

भोकरदन, प्रतिनिधी

केळना नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी राजकारणाचा विषय निघाला की 'कोणते दानवे?' असा प्रतिप्रश्न हमखास येतो. प्रश्न गमतीचा वाटला तरी निरर्थक नाही. भोकरदन विधानसभा मतदारसंघात २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ चार निवडणुका झाल्या. या चारही निवडणुकांत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मते घेणाऱ्या उमेदवारांचे आडनाव दानवे हेच होते. दोन्ही घराणी वेगळी, पक्ष वेगळे आणि वैर जुने. मतदाराला निवड करण्याचे स्वातंत्र्य पूर्ण होते; फक्त ती दोन दानव्यांमधून करावयाची होती.

यातील एका घराण्याची सुरुवात पुंडलिक हरी दानवे यांच्यापासून होते. १९७७ च्या जनता लाटेत आणि पुन्हा १९८९ मध्ये ते जालन्याचे खासदार झाले. त्यांचे पुत्र चंद्रकांत दानवे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे २००४ आणि २००९ च्या विधानसभा निवडणुका जिंकल्या. दुसरे घराणे रावसाहेब दानवे यांचे. जवखेडा गावचे सरपंच, भोकरदन पंचायत समितीचे सभापती, १९९० आणि १९९५ मध्ये आमदार, १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा खासदार, भारतीय जनता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष आणि दोन वेळा केंद्रात राज्यमंत्री असा त्यांचा चढता प्रवास आहे. २०१४ पासून त्यांचे पुत्र संतोष दानवे हे भोकरदनचे आमदार आहेत, तर कन्या संजना जाधव २०२४ मध्ये शिवसेनेच्या (शिंदे) उमेदवारीवर कन्नड मतदारसंघातून विधानसभेत पोहोचल्या.

या प्रवासाकडे केवळ घराणेशाहीच्या चष्म्यातून पाहणे अन्यायाचे होईल. शेतकरी कुटुंबातील तरुण गावच्या ग्रामपंचायतीतून निघून दिल्लीच्या रेल्वे मंत्रालयापर्यंत जाऊ शकतो, हे त्रिस्तरीय पंचायत राज्याचे यशच मानावे लागेल. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा वसंतराव नाईक समितीच्या डोळ्यापुढे असेच काहीसे चित्र होते. तथापि त्या समितीला आणखी एक गोष्ट अभिप्रेत असावी. गावचा माणूस पाच वर्षे सभापती होईल, कारभार करील आणि मग दुसऱ्याला जागा देऊन आपल्या शेतीकडे वळेल. शिडी चढण्याची सोय झाली. उतरण्याची झाली नाही.

हा पेच भोकरदनचा एकट्याचा नाही आणि नवाही नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेचे प्रजासत्ताक घडत असताना तेथील मंडळींनी याच प्रश्नावर डोकेफोड केली होती. राज्यकारभार हा काही माणसांचा आयुष्यभराचा पेशा असावा की आपापला व्यवसाय सांभाळणाऱ्या नागरिकांनी पाळीपाळीने करावयाचे काम असावे, हा तो प्रश्न.

करारनाम्यातील पाळी

इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढून बाहेर पडलेल्या त्या तेरा वसाहतींना आजीवन सत्तेचा धसका होता. १७७६ च्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या घटनेने विधिमंडळाच्या सदस्याला सात वर्षांत चार वर्षांहून अधिक काळ बसण्यास मनाई केली. पदापासून मिळकत करण्याची गरज पडू नये म्हणून प्रत्येक स्वतंत्र माणसाजवळ काही धंदा, कसब किंवा शेती असावी, अशी अपेक्षाही त्याच दस्तऐवजात नोंदविली होती. १७८१ मध्ये अमलात आलेल्या कॉन्फेडरेशनच्या करारनाम्याने मध्यवर्ती काँग्रेसच्या प्रतिनिधीला सहा वर्षांत जास्तीत जास्त तीन वर्षे दिली. त्यानंतर घरी बसणे सक्तीचे होते.

या विचाराला चेहरा मिळाला तो जॉर्ज वॉशिंग्टन यांचा. युद्ध जिंकलेल्या या सेनापतीने २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस येथे काँग्रेससमोर आपले अधिकारपद परत केले आणि नाताळासाठी तो माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर परतला. नांगर सोडून रोमच्या रक्षणास धावलेल्या आणि संकट टळताच पुन्हा नांगर धरणाऱ्या सिन्सिनेटस या रोमन सरदाराची उपमा त्याला तेव्हापासून चिकटली. पुढे अध्यक्षपदाच्या दोन मुदतींनंतरही त्याने तिसरी नाकारली. कोणताही कायदा त्याला तसे करण्यास सांगत नव्हता. अध्यक्षाला दोनच मुदती हे बंधन घटनेत आले ते थेट १९५१ मध्ये, बाविसाव्या दुरुस्तीने आणि तेही फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यावर.

१७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली तेव्हा पाळीचा नियम मात्र गळाला. पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफरसन यांना ते रुचले नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी विशेषतः अध्यक्षपदाबाबत हा नियम सोडून दिल्याची तक्रार केली. मॅडिसन यांची बाजू वेगळी होती. फेडरलिस्ट लेखमालेच्या ५३ व्या लेखात त्यांनी मांडलेला मुद्दा आजही तितकाच धारदार आहे. सभागृहात नवख्यांची संख्या जितकी जास्त, तितके ते इतरांनी लावलेल्या सापळ्यात अडकण्याची शक्यता जास्त. काही सदस्य वारंवार निवडून येऊन कामकाजात मुरलेले असणे सर्वांच्याच हिताचे. ७२ व्या लेखात अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तर पुन्हा निवडून येण्याची आशाच नसेल तर चांगले काम करण्याचे कारणही उरत नाही, असा रोखठोक युक्तिवाद केला.

गंमत अशी की, नागरिक-प्रतिनिधींच्या त्या जमान्यातले स्वतः मॅडिसन हे पक्के पूर्णवेळ राजकारणी होते. १७७६ पासून १८१७ मध्ये अध्यक्षपद सोडेपर्यंत, मधली थोडकी वर्षे वगळता, ते कुठल्या ना कुठल्या पदावर होते. वकिलीचा अभ्यास केला, पण वकिली केली नाही. त्यांचे घर चालत होते ते गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या मळ्यावर. वॉशिंग्टन ज्या माउंट व्हर्ननवर परतले, तेथे १७९९ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या वर्षी ३१७ गुलाम राबत होते. नांगराकडे परतलेल्या या सिन्सिनेटसला नांगर स्वतः धरावा लागत नव्हता.

पाळीच्या आदर्शाची गोष्ट सांगताना हा तपशील सहसा मागे राहतो. पदावरून उतरून घरी जाणे कोणाला परवडते, हा प्रश्न पदावर किती वर्षे राहावे याच्याही आधी विचारावा लागतो. १७८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याला हजेरीच्या दिवसाला सहा डॉलर भत्ता होता. १८१६ मध्ये सदस्यांनी तो बदलून वर्षाला दीड हजार डॉलर वेतन ठरवून घेतले, तेव्हा देशभर असा संताप उसळला की त्यानंतरच्या निवडणुकीत सभागृहातील बहुसंख्य सदस्य परत आले नाहीत आणि १८१७ मध्ये कायदाच रद्द करावा लागला. प्रतिनिधीने पगार घ्यावा ही कल्पनाच लोकांना खपत नव्हती. पगार नसेल तर मळेवाले आणि वकील सोडून दुसरे कोण तेथे जाऊ शकेल, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

मिरचीचा हंगाम आणि मासिक सभा

भोकरदन तालुक्यात हा प्रश्न फार ठोस रूपात उभा राहतो. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार परराज्यांतील व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. मिरचीचा तोडा सुरू झाला की मजूर मिळविणे, माल वेळेत बाजारात नेणे आणि भावावर लक्ष ठेवणे यात घरच्या माणसाचा दिवस जातो. त्यापाठोपाठ कपाशी, मका, सोयाबीन. अशा घरातील माणूस सरपंच झाला तर पंचायत समितीतील बैठका, तहसीलचे हेलपाटे, घरकुलाच्या याद्या, टँकरचे प्रस्ताव आणि गावातील भांडणे यांसाठी तो वेळ कोठून आणतो?

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते तीन हजारांवरून सहा हजार रुपये, आठ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात आठ हजार आणि त्याहून मोठ्या गावात दहा हजार रुपये महिना झाले. त्याच वर्षी पोलीस पाटलांचे मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्यात आले. म्हणजे गावाने निवडून दिलेल्या प्रमुखापेक्षा शासनाने नेमलेल्या पोलीस पाटलाला महिन्याकाठी जास्त रक्कम मिळते. याउलट विधानसभेचे एकदा सदस्य झालेल्या व्यक्तीला निवृत्तिवेतन मिळते. २०१६ मध्ये ते दरमहा पन्नास हजार करण्याचे आणि आमदारांचे वेतन-भत्ते वाढविण्याचे विधेयक सभागृहात चर्चेविनाच संमत झाले होते. १८१६ च्या अमेरिकी मतदारांसारखा संताप येथे कोठे दिसला नाही.

पाटलांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे मागे जावे लागेल. निजामी राजवटीतील मराठवाड्यात गावकारभार वतनदार पाहत असत. सारा वसुलीसाठी माली पाटील, बंदोबस्तासाठी पोलीस पाटील आणि दोन्ही पदे वंशपरंपरेने चालत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तरी वतने लगेच गेली नाहीत. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी रद्द झाली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद वंशपरंपरागत न राहता नेमणुकीचे झाले. म्हणजे ज्या १९६२ मध्ये जिल्हा परिषदा जन्मल्या, त्याच वर्षी जन्माने मिळणाऱ्या पाटीलकीवर कायद्याने पडदा टाकला. एका दारातून वतन बाहेर गेले आणि दुसऱ्या दारातून निवडणूक आत आली. निवडणुकीतून नवी वतने तयार होतील, अशी शंका त्या वेळी व्यक्त झाली असती तर ती कुत्सित ठरली असती.

नव्या वतनांचे कारण केवळ सत्तेची हाव असे सांगून भागणार नाही. विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराला अधिकृतपणे करता येणारा खर्च चाळीस लाख रुपये आहे. प्रत्यक्षातील आकड्यांबद्दल प्रत्येक गावात वेगळी दंतकथा ऐकू येते. हा खर्च, वर्षभराची लग्ने-मयती, दवाखान्यासाठी मुंबईला पाठवायचे रुग्ण, नोकरीची शिफारस, रोहित्र जळाले म्हणून येणारा फोन हे सारे सांभाळण्यासाठी एक यंत्रणा लागते. ती यंत्रणा बाजार समिती, साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षण संस्था अशा जाळ्यातून उभी राहते आणि एकदा उभी राहिली की तिला वारस लागतो. मतदारही ही सेवा गृहीत धरतो. रात्री बारा वाजता फोन उचलणारा पुढारी हवा असेल, तर त्याने दिवसा दुसरा व्यवसाय करावा ही अपेक्षा कशी धरणार?

जालना जिल्ह्यातील इतर मतदारसंघांवर नजर टाकली तरी हेच दिसते. जालना विधानसभेत अर्जुन खोतकर १९९०, १९९५, २००४, २०१४ आणि २०२४ मध्ये, तर कैलास गोरंट्याल १९९९, २००९ आणि २०१९ मध्ये विजयी झाले. १९९९ नंतरच्या प्रत्येक निवडणुकीत विद्यमान आमदार पडला आणि जुना आमदार परत आला. पाळीचा नियम कोठे असेल तर तो येथे आहे, फक्त पाळी दोघांचीच आहे! परतुरात बबनराव लोणीकर १९९९ पासून २००९ चा अपवाद वगळता निवडून येत आहेत. घनसावंगीचे राजेश टोपे हे माजी खासदार अंकुशराव टोपे यांचे पुत्र; ते पंचवीस वर्षे आमदार होते. २०२४ मध्ये त्यांना पराभव पत्करावा लागला.

खालच्या पायरीवर सक्तीची पाळी

जेफरसन यांना हवा असलेला नियम भारतात अगदीच नाही असे मात्र नाही. तो सर्वांत खालच्या पायरीवर आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणलेले आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांसाठी पन्नास टक्क्यांवर नेलेले आरक्षण चक्रानुक्रमे फिरते. सरपंचपदाची किंवा जिल्हा परिषद गटाची सोडत निघाली आणि गट अनुसूचित जातीसाठी किंवा महिलेसाठी राखीव झाला की तेथील प्रस्थापिताला बाजूला व्हावेच लागते. हा सामाजिक न्यायासाठी केलेला नियम आहे. पण त्याचा दुसरा परिणाम म्हणजे तो देशातील सर्वांत कडक पाळीपद्धत ठरला. आमदाराला कितीही वेळा उभे राहता येते. गावच्या सरपंचाला मात्र पुढच्या वेळी आपण पात्र असू की नाही, हे सोडतीच्या चिठ्ठीवरून कळते.

याचे फायदे कागदावरचे नाहीत. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात महिला राखीव पंचायतींमध्ये पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांना निकडीच्या वाटणाऱ्या कामांवर अधिक खर्च झाल्याचे दिसले होते. जालन्यासारख्या टँकरच्या जिल्ह्यात याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पण मॅडिसन यांचा इशाराही येथेच खरा ठरतो. नवखी सरपंच पहिल्या दिवशी कार्यालयात बसते तेव्हा समोर ग्रामसेवक असतो (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), वर गटविकास अधिकारी असतो आणि शेजारी बहुधा नवरा, दीर किंवा सासरा असतो. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो आणि तो खर्च करण्यास सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी लागते. ती स्वाक्षरी ज्या छोट्याशा उपकरणात साठविलेली असते ते कोणाच्या खिशात असते, यावर गावचा कारभार खरोखर कोणाकडे आहे हे कळते. अनेक गावांत 'सरपंचपती' हा शब्द आता थट्टेचाही राहिलेला नाही. पद असल्यासारखा तो वापरला जातो. पाच वर्षांत जी बाई कारभार शिकते, तिची पाळी नेमकी शिकून झाल्यावर संपते. आरक्षण बदलले की पक्ष तिला खुल्या गटातून उमेदवारी देत नाहीत. चक्र फिरते, पण त्यातून घडलेला अनुभव वरच्या पायरीवर क्वचितच चढतो.

अमेरिकेतही पाळीच्या तत्त्वाची अशी उलटी फिरकी झाली होती. १८२९ मध्ये अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॅक्सन यांनी सरकारी कामे इतकी साधी असतात की कोणताही समजदार माणूस ती करू शकेल, या भूमिकेतून जुन्या नोकरदारांना काढून नव्यांना जागा देण्यास तात्त्विक बैठक दिली. आदर्श पाळीचा होता. प्रत्यक्षात निवडणूक जिंकलेल्या पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांना नोकऱ्या वाटण्याची प्रथा रूढ झाली. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली आणि त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने परीक्षेद्वारे भरती सुरू झाली. नागरिकांच्या पाळीतून पक्षयंत्रणेचे राज्य आले आणि ते रोखण्यासाठी कायमस्वरूपी नोकरशाही आणावी लागली.

महाराष्ट्राने तर अलीकडेच नोकरशाहीचा एकहाती कारभार अनुभवला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर आणि प्रभागरचनेच्या वादात स्थानिक निवडणुका रखडल्या. जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. मग मुदत वाढवून ती ३१ जानेवारी २०२६ करण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये भोकरदन, अंबड, परतूर या नगर परिषदांचे आणि जानेवारी २०२६ मध्ये जालना महानगरपालिकेचे मतदान झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत ग्रामीण भागातला रस्ता, शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्र यासाठी लोकांना जिल्हा परिषद सदस्य उरला नव्हता. ते कोणाकडे गेले? आमदाराकडे. नागरिक-प्रतिनिधींची खालची फळी नाहीशी झाली की पूर्णवेळ पुढाऱ्याचे वजन आपोआप वाढते, हे या काळाने दाखविले. त्याला कोणी कट म्हणण्याची गरज नाही. निवडणुका लांबल्याने कोणाची गैरसोय झाली नाही एवढे पाहिले तरी पुरे.

शिवाय २०२५ मध्ये शासनाने जिल्हा परिषद गटांच्या आरक्षणाचे नवे नियम करून चक्र पहिल्यापासून सुरू केले. त्यामुळे ज्या गटांची पाळी आता येणार होती, ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊ शकतात. पाळीपद्धतीत पाळी मोजणारा कोण, हा भागही महत्त्वाचा असतो.

मुदतीचा एक दुर्लक्षित प्रयोग

दीर्घकाळ पदावर राहणे म्हणजे वाईटच, असे सरसकट म्हणता येणार नाही, याची साक्ष याच परिसरात मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा कायापालट पोपटराव पवार यांच्या तीन दशकांच्या सातत्यातून झाला. दर पाच वर्षांनी नवा माणूस आला असता तर पाणलोटाचे काम आणि कूपनलिकांवरील बंदी टिकली असती का, याची शंका आहे. भोकरदनपासून फार दूर नसलेले छत्रपती संभाजीनगरजवळचे पाटोदा भास्करराव पेरे यांच्या नावाने ओळखले गेले. परंतु जानेवारी २०२१ मध्ये त्याच पाटोद्याने पेरे यांच्या कन्येचा निवडणुकीत पराभव केला. गावाला कारभार हवा होता, त्याचा वारसा मान्य नव्हता, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मुदतीच्या बंधनाचा गंभीर प्रयोग देशात झाला तो सहकारी बँकांत. बँकिंग नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा लागू झाली. वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर बसलेल्या संचालकांची त्यामुळे अडचण झाली. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीने ही मर्यादा दहा वर्षांची करण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती लागू झाली. बँकेच्या संचालकाने ठेवीदारांच्या हितासाठी दहा वर्षांनी उठावे, हे संसदेला पटले. खासदार आणि आमदारांच्या बाबतीत असा विचार संसदेसमोर गांभीर्याने आलेला नाही. अमेरिकेतही काही राज्यांनी आपल्या काँग्रेस सदस्यांवर मुदतीचे बंधन घातले, तेव्हा १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. घटनेत नसलेली अपात्रता राज्यांना जोडता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

कायद्याचे बंधन नसले तरी मतदाराचे असते, हे या भागाने २०२४ मध्ये पाहिले. सलग पाच वेळा जिंकलेल्या रावसाहेब दानवे यांचा त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या कल्याण काळे यांनी सुमारे एक लाख दहा हजार मतांनी पराभव केला. हेच काळे २००९ मध्ये त्यांच्याकडून थोडक्यात हरले होते. मराठा आरक्षणाचे आंदोलन जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटलेले, कापूस-सोयाबीनचे भाव पडलेले, अशी त्याची कारणे सांगितली गेली. पंचवीस वर्षांचा एकच चेहरा हेही त्यातले एक कारण असणार. पण पाचच महिन्यांनी विधानसभा निवडणुकीत भोकरदनने संतोष दानवे यांना तिसऱ्यांदा निवडून दिले. मतदाराने एका खुर्चीवरचा माणूस बदलला आणि दुसऱ्या खुर्चीवरचा तसाच ठेवला. याला विसंगती म्हणावे की हिशेबीपणा, हे ज्याने त्याने ठरवावे.

विधानसभेला पाळीचा नियम लागू होण्याची एक वाट मात्र आता कायद्याच्या पुस्तकात आलेली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यानंतर त्या लागू व्हावयाच्या आहेत आणि प्रत्येक पुनर्रचनेनंतर राखीव मतदारसंघ बदलावयाचे आहेत. सरपंचाला जी अनिश्चितता तीस वर्षे सोसावी लागली, ती आमदाराच्या वाट्याला यावयाची असेल तर ती या दुरुस्तीमुळे येईल. एखादे दिवशी भोकरदन मतदारसंघही महिलेसाठी राखीव झाला तर दोन्ही घराण्यांना नव्याने विचार करावा लागेल.

तो विचार फार लांबचा असेल असे नाही. २००९ च्या निवडणुकीत चंद्रकांत दानवे यांच्याविरुद्ध थोडक्या मतांनी हरलेल्या भाजपच्या उमेदवार महिलाच होत्या. त्यांचे नाव निर्मला रावसाहेब दानवे.